पडद्यातला दोष कोणाचा?

जुना सोव्हिएत रेंजफाइंडर कॅमेरा नीट चालेनासा झाला, की त्याचं निदान बहुधा आधीच ठरलेलं असतं: कारखानाच वाईट. ठरलेला आकडा गाठायची घाई, हलका माल, कामगारांची बेपर्वाई. हे निदान अन्यायाचं आहेच, शिवाय दुरुस्तीच्या कामीही ते येत नाही. शटरमधला दोष कारखान्यातून आला, वयानं आला की नंतर कोणाच्या हातून झाला, हे लक्षणांवरून बरंचसं ओळखता येतं. तसं तपासू लागलं की कारखान्याच्या माथी येणारा भाग अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघतो.

आधी यंत्र पाहू. बेघर मुलांसाठी खारकोव्हजवळ १९२७ साली झेर्झिन्स्की कम्यून सुरू झाली आणि अंतोन माकारेंको यांनी तिला आकार दिला. तिथे १९३४ पासून ‘फेड’ कॅमेरा मोठ्या संख्येनं बनू लागला. १९३२ च्या जर्मन लायका-२ कॅमेऱ्याची ती सरळ नक्कल होती. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४८ पासून ‘झोर्की’ही त्याच घडणीचा निघाला. या सगळ्यांत रबराचा लेप दिलेल्या कापडाचे दोन पडदे एकामागोमाग आडवे धावतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून फिल्मवर उजेड पडतो. वेग वाढवला की पडद्यांची धाव तीच राहते, फट तेवढी अरुंद होते. म्हणूनच फोटो एवढा बोलका ठरतो. १/६० सेकंदाला चित्र स्वच्छ येतं आणि १/५०० ला धाव संपते ती बाजू काळवंडते, तेव्हा मागचा पडदा पुढच्याला गाठतो आहे हे नक्की. बहुधा पुढच्या पडद्याचा रूळ घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये अडखळत असतो; कित्येक दशकं वंगण न बदललेल्या कुठल्याही यंत्राचं हेच होतं. प्रत्येक फोटोत ठरावीक जागी पांढरा ठिपका असेल, तर पडद्याला भोक आहे. रबर भेगाळल्यानं ते पडतं, किंवा झाकण न लावता कॅमेरा उन्हात राहिल्यानं. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्समधून गोळा झालेलं ऊन थेट कापडावर पडून ते जाळतं. यातल्या एकाही दोषावर खारकोव्हचा शिक्का नाही; त्याच वयाच्या लायकालाही हेच आजार होतात.

याहून भक्कम पुरावा कीवचा. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि कीवच्या आर्सेनाल कारखान्यात १९४७ पासून ‘कीव’ तयार होऊ लागला; पहिल्या कॅमेऱ्यांत तर जर्मन भागच होते. त्याचं शटर वेगळं: पितळी पट्ट्यांचं, उभं धावणारं, रेशमी फितींवर तोललेलं. कीवचं शटर मिटेनासं झालं तर पहिला संशय याच फितींवर घ्यावा, कारण त्या झिजून तुटतात. युद्धापूर्वीच्या जर्मन काँटॅक्सचीही हीच दुखरी जागा आहे. रचना एक, कारखाने दोन आणि आजार एकच, तर त्याचं खापर आर्सेनालवर कसं फोडायचं?

यावर कोणी म्हणेल, की लायका आजही सुरळीत चालताना दिसतात, फेड मात्र अडतात. खरं आहे. पण लायका महाग होता; त्याचा मालक तो साफसफाईला पाठवी, पडदे बदलून घेई. फेड स्वस्त होता. अडला की कपाटात जाई, नाहीतर घरीच उघडला जाई, आणि इथेच सगळ्यांत जास्त नुकसान झालं. पडदा संथ धावतो म्हणून ग्रीस न काढता स्प्रिंगचा ताण वाढवणं हा सोपा वाटणारा उपाय. त्यानं काही दिवस वेग सुधारतो, मग पडदा टोकाला आपटून उसळी घेतो आणि फोटोच्या कडेला जास्तीचा उजेड पडून पट्टा उमटतो. स्क्रूच्या खाचा सोललेल्या दिसल्या, तर ताणाला हात लावण्याआधी मागच्या दुरुस्तीवरच संशय घ्यावा. लायका म्हणून खपवण्यासाठी सुटे करून नवी अक्षरं कोरलेले फेड आणि झोर्की तर नंतर कोणाच्या हातून बिघडलेल्यांच्या याच वर्गात मोडतात.

कारखान्यांना निर्दोष ठरवायचं कारण नाही. युद्धापूर्वीच्या फेडमध्ये लेन्स आणि बॉडी यांचं माप एकसारखं नव्हतं; एकाची लेन्स दुसऱ्यावर लावली की फोकस चुके. तो खरोखर कारखान्याचा दोष, पण शटरचा नव्हे. शटरच्या बाबतीत बोट दाखवायचंच, तर ते झोर्की-४ कडे दाखवावं. १९५६ ते १९७३ या काळात हा कॅमेरा लाखोंच्या संख्येनं निघाला. त्यात शटर चढवल्यावरच वेग निवडायचा असतो. आधी चकती फिरवली तर आतली यंत्रणा दुखावू शकते. वापरणाऱ्याच्या साध्या विसराळूपणानं यंत्र मोडावं, ही रचनेतलीच उणीव म्हणायची, आणि पुस्तिकेत दिलेल्या सूचनेनं ती भरून निघत नाही. म्हणून झोर्की-४ हाती आला की वेगाची चकती फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. आधी शटर चढवावं, मगच चकतीला हात लावावा.