तेरची खापरे आणि मातीची साक्ष

लातूरच्या पश्चिमेस, तेरणेच्या काठी तेर हे गाव वसले आहे. आज ते धाराशिव जिल्ह्यात मोडते. १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ही सारी भूमी एकाच जिल्ह्याची होती. बहुतेकांच्या मनात तेर म्हटले की गोरोबाकाकांचे नाव उभे राहते. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे सांगणाऱ्या कुंभाराची कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? त्याच गावच्या मडक्यांची परीक्षा विज्ञानाने कशी करावी, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर असल्याचे तो सांगतो. तगराहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून बंदराकडे जाई. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पुढे १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले, त्यानंतरही उत्खनने झाली, आणि सातवाहनकालीन नगराचे थर उजेडात आले.

त्या थरांत जी खापरे मिळाली त्यांत काही अतिशय पातळ, गुळगुळीत, आतल्या तळाशी बारीक ठिपक्यांची वर्तुळे उमटवलेली अशी होती. अभ्यासक त्यांना चक्रांकित खापरे म्हणतात. १९४५ साली पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे व्हीलर यांना अशीच खापरे इटलीतील अरेझो गावच्या शिक्क्यांच्या भांड्यांसोबत सापडली होती. ही नक्षी मूळची भारतीय नव्हे, ती भूमध्य समुद्राकडून आली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेव्हापासून कोठेही असे खापर निघाले की ‘रोमचा संबंध’ सिद्ध झाला, असे म्हणण्याची जणू चालच पडली. आम्हांला वाटते, या उत्साहात थोडा न्यूनगंडही होता. उत्तम वस्तू दिसली की ती परदेशातून आली असणार, हे आपण फार लवकर मानतो.

आकार व नक्षी यांची नक्कल होऊ शकते. डोळस कारागीर परक्याचे भांडे पाहून तसेच घडवील. मात्र हातातली माती तो बदलू शकत नाही. ती त्याच्या गावच्या नदीने आणि खडकाने दिलेली असते. खापराचा अगदी लहान तुकडा दळून त्याच्या भुकटीवर क्ष-किरण सोडले तर प्रत्येक खनिज आपापल्या ठराविक कोनांतून ते परतवते, आणि त्यावरून कोणकोणती खनिजे आहेत ते कळते. दुसऱ्या पद्धतीत खापराचा काप घासून घासून मिलिमीटरच्या तीन शतांशाइतका पातळ करतात. मग प्रकाश त्यातून आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखता येतो. आव्यात किती धग होती हेदेखील समजते, कारण काही खनिजे ठराविक तापमानाला मोडतात आणि काही नव्याने तयार होतात.

१९९३ साली अरिकामेडूची आणि इंडोनेशियातील बाली बेटावरची चक्रांकित खापरे अशा कसोट्यांनी तपासली गेली, तेव्हा दोन्हींची माती एकाच उगमाची असावी असे दिसले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. विश्वास गोगटे यांनी हा शोध पुढे नेला. १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार ही माती बंगालमधील चंद्रकेतुगढ-ताम्रलिप्ती भागातील आहे. २००५ सालच्या एका रासायनिक अभ्यासानेही एकाच उगमाच्या कल्पनेला बळ दिले. नेमक्या ठिकाणाविषयी मात्र विद्वानांत चर्चा चालू आहे. रोमची समजली गेलेली ही भांडी भारतीय कुंभारांची होती आणि त्यांना समुद्रापलीकडे मागणी होती, एवढे तरी उघड झाले.

उलट गोष्टही घडली. रोमचे मद्यकुंभ म्हणून भारतात नोंदलेल्या अनेक खापरांची रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा पाहणी केली. काहींच्या मातीत व्हेसूव्हियसच्या परिसरातील काळी ज्वालामुखी वाळू होती. ती खरोखरच इटलीची ठरली. पण बरीचशी आतून डांबर फासलेली, इराणच्या आखाताकडची आणि पुष्कळ नंतरच्या काळातली निघाली.

मराठवाड्यात या कसोटीला विशेष वाव आहे. तेर आणि लातूरची जमीन काळ्या कातळाची, बसाल्टची. तिच्या मातीत त्या खडकाचे कण सापडतात. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा नांदेडच्या सीमेवरून गोदावरीकडे जाते. तेथे देगलूर-बिलोलीकडे काळ्या कातळाची हद्द संपते आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. गारगोटी व फेल्डस्पार यांचे कण तेथील मातीत भरपूर. म्हणजे तेरला घडलेले मडके आणि देगलूरकडे घडलेले मडके दिसायला सारखे असले तरी सूक्ष्मदर्शकाखाली निराळे दिसावे. गंगेच्या मुखाशी घडलेले तर त्याहून निराळे.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालय आज शासनाच्या ताब्यात आहे. त्यांनी त्या वेचल्या नसत्या तर कितीतरी वस्तू नांगराखाली चुरा झाल्या असत्या. तरीही शेतात वा नदीकाठी उचललेल्या वस्तूचा थर कळत नाही, आणि थर गेला की काळाचा मुख्य आधार गेला. माती मात्र तुकड्याबरोबर राहते. ती काळ सांगत नसली तरी गाव सांगू शकते.

अडचण दोन ठिकाणी आहे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. घराच्या भिंतींसाठी आणि शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती गावोगाव उपसली गेली आहे, आणि तिच्याबरोबर खापरेही. दुसरी अडचण कमी दिसते. खापराची तुलना करायला त्या भागातील कच्ची मातीही हवी, आणि मडक्याची माती कोठे मिळते, तिच्यात वाळू, राख की लीद किती मिसळायची, हे जुन्या कुंभारांनाच ठाऊक असते. स्टील आणि प्लास्टिक आल्यापासून त्यांची चाके एकेक करून थांबली. लातूर-नांदेडकडील आमच्या वाचकांच्या गावात असा एखादा वृद्ध कुंभार असेल, तर त्याची मातीची जागा, नदीचा काठ, खोदण्याची खोली आणि मिसळणीचे प्रमाण वहीत उतरवून घ्यावे.