पांढऱ्या प्रकाशाची घडण

श्रोतेहो, शाळेंत विज्ञानाच्या तासाला सप्तरंगी चकती फिरवून दाखविण्याचा प्रघात आहे. चकती वेगानें फिरूं लागली, कीं सातही रंग लोपतात आणि ती पांढुरकी दिसते. पांढरा हा एक रंग नसून अनेक रंगांचा समेट आहे, हा न्यूटनचा धडा मुलांना तेथें मिळतो. दिव्यांचा अर्वाचीन इतिहास म्हणजे हाच समेट रात्रीं घडवून आणण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

मुंबई शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ सालीं. त्या वेळीं अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड हीं साष्टींतील खेडीं होतीं. तेथें समई-पणतीवर, आणि पुढें घासलेटाच्या चिमणीवर व कंदिलावर रात्र काढावी लागे. उपनगरांना वीज पुरविण्यासाठीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली ती १९२९ सालीं. म्हणजे शहरांत गॅस उजळल्यानंतर चौसष्ट वर्षांनीं!

परंतु वीज आली म्हणून पांढरा उजेड आला, असें मात्र नव्हे. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा प्रकाश पिवळसरच असे, आणि बहुतेक शक्ति उष्णतेंत वायां जाई. नंतरच्या ट्यूबलाइटमध्यें पाऱ्याच्या वाफेपासून अदृश्य अतिनील किरण निघत, व कांचेच्या आंतील भुकटी त्यांचें दृश्य प्रकाशांत रूपांतर करी. नाकामुरा यांनीं १९९३ सालीं तेजस्वी निळा एल. ई. डी. सिद्ध केला. त्या निळ्यावर पिवळी भुकटी बसवून आजचा घरगुती दिवा झाला. गंमत अशी, कीं जुन्या गॅसबत्तीच्या जाळींत शेंकडा एक भाग सिरियमचें भस्म असे. या नव्या भुकटींतही सिरियमच आहे.

तथापि सगळे पांढरे सारखे नसतात. २०१५ सालीं मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एल. ई. डी. बसविले, तेव्हां 'राणीच्या हारा'ची शोभा गेली म्हणून नागरिकांनीं ओरड केली. अखेर तेथें पुन्हां पिवळसर छटा आणावी लागली. रात्रीं फार निळसर उजेडांत बसल्यास झोंपही लांबते. सबब, समेटांत कोणत्या रंगाचा वांटा किती, हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाहीं.

येथेंच बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरांचा, संबंध येतो. तारेवर वेष्टन घालावयाचें तें प्लॅस्टिक. तें वीज अडविणारें, हीच आपली समजूत. शिराकावा, मॅक्डायर्मिड व हीगर यांनीं १९७७ सालीं ती खोटी ठरविली. पुढें १९९० सालीं केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं एका बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्यांतून वीज खेळवून हिरवट-पिवळा प्रकाश मिळविला.

मग निळीं, हिरवीं, तांबडीं बहुवारिकें एकत्र कालवलीं कीं झालें, असें वाटेल. पण पाणी जसें सखल जागेकडे धांवतें, तशी निळ्याची ऊर्जा शेजारच्या तांबड्याकडे वाहून जाते, आणि समेट मोडतो. यावर उपाय असा, कीं प्रत्येक रंगाचे अतिसूक्ष्म कण निरनिराळे करावयाचे. मिलिमीटराचे दहा लक्ष भाग केले, तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण अशा कांहीं दशक किंवा शतक नॅनोमीटरांचे असतात. प्रत्येक रंग आपापल्या घरांत राहिला, कीं ऊर्जेची ती पळापळ बरीच आटोक्यांत येते आणि कणांचें प्रमाण बदलून हवी ती छटा साधतां येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत पॉलिस्टायरीनच्या मण्यांत चमकणारे रेणू गुंफण्याचें काम झालें आहे. आपल्या पवईच्या आय. आय. टी.मध्यें सेंद्रिय अर्धवाहकांचा अभ्यास चालतो.

या दिव्यांनीं एल. ई. डी.ची जागा अद्याप घेतलेली नाहीं. त्यांतील निळा रंग सर्वांत आधीं थकतो, आणि हवा व ओल यांचा त्यांस उपद्रव होतो. आपल्याकडील पावसाळा तर सर्वांस ठाऊकच आहे. पण आजवर दिवा देईल तो उजेड आपण गोड मानून घेतला. अभ्यासाला एक छटा व निजण्यापूर्वीं दुसरी, अशी निवड आपल्या हातीं यावी, यासाठींच हा खटाटोप आहे. आज घरीं नवा दिवा आणतांना त्याची छटा तेवढी विचारून घ्यावी, इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.