अतिवास्तववाद : एक ओळख

मागच्या वेळी आपण दादावादापाशी थांबलो होतो. आज त्याच्या पुढचं पाऊल बघायचं आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू या. 'अतिवास्तववाद' म्हटलं की त्यातला 'अति' आपली फसगत करतो. आम्ही वर्गात शिकवत असू तेव्हाही मुलांना वाटायचं, अति म्हणजे अतिरेक, म्हणजे काहीतरी चक्रम चित्रं. पण हा 'अतींद्रिय'मधला अति आहे. वास्तवाच्या पलीकडचं, तरी वास्तवाला धरून असलेलं. मूळ फ्रेंच शब्द कवी आपोलिनेर यांनी १९१७ साली वापरला.

ते वर्ष लक्षात ठेवा. पहिलं महायुद्ध चालू होतं. ज्या बुद्धीचा युरोपला अभिमान, तिनेच खंदक आणि विषारी वायू दिले. दादावाद्यांनी त्यावर सरसकट नकार दिला. पण नुसत्या नकारावर माणूस किती दिवस काढणार? आंद्रे ब्रेताँ हा वैद्यकीचा विद्यार्थी १९१६ मध्ये सँ-दिझिए इथल्या मानसोपचार केंद्रात होता. युद्धाने मन मोडलेल्या सैनिकांची स्वप्नं, त्यांचं तुटक बोलणं तो टिपून घेई. फ्रॉइडच्या विचारांशी त्याची ओळख इथलीच. बुद्धीचा पहारा उठला की मन काय बोलतं, हा प्रश्न त्याला तिथून लागला.

१९१९ मध्ये ब्रेताँ आणि सूपो यांनी न थांबता, न खोडता लिहून पाहिलं. १९२४ मध्ये पॅरिसला जाहीरनामा आला. स्वप्न आणि जागेपण यांतला विरोध मिटून एक व्यापक वास्तव हाती यावं, ही त्यातली आकांक्षा. तत्त्वज्ञानाच्या मंडळींना इथे हेगेल आठवेल, आणि ते बरोबरच आहे.

चित्रकारांनी हे कसं केलं? माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो, तेच! उमटलेल्या रेषांत त्याला अरण्यं दिसली. माग्रितने १९२९ मध्ये हुबेहूब पाईप काढून खाली लिहिलं, ही पाईप नव्हे. खरंच आहे, ते चित्र आहे. त्यात तंबाखू भरता येत नाही. दालीची वितळलेली घड्याळं १९३१ ची.

आता अवघड भाग. मन मोकळं करायला निघालेले हे लोक एकमेकांना गटाबाहेर काढू लागले. १९२७ मध्ये ब्रेताँ कम्युनिस्ट पक्षात गेला, पण तिथली शिस्त त्याला मानवली नाही. आणि १९३४ मध्ये त्याच्याच गटाने दालीवर खटल्यासारखी बैठक भरवली! हिटलरविषयीचं दालीचं आकर्षण त्यांना सहन होईना. आमच्या मते त्यांची चीड रास्त होती. पण मग मनात येईल ते येऊ द्या, या वचनाचं काय? मुक्त मनातून विषही वर येतं, तेव्हा त्याला अडवायचं कोणी आणि कशाच्या आधारावर?

ब्रेताँला याचं उत्तर सापडलं नाही. आम्हालाही सापडलेलं नाही. पण ही चित्रं पुन्हा बघताना हा प्रश्न सोबत ठेवा, म्हणजे ती नुसती गंमत वाटणार नाहीत.