पॅव्हिलियनबाहेरचा चहा आणि १९११ चा दौरा

पुण्याच्या सामाजिक इतिहासात चहाला एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल. १८९० च्या सुमारास पंचहौद मिशनमधील सभेत काही प्रतिष्ठित मंडळींसमोर मिशनऱ्यांनी चहा ठेवला. त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. पुढे नावे वर्तमानपत्रात छापून आली, सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. आगरकरांच्या अनुयायांना ते रुचले नाही. हा वाद आपल्या पाठ्यपुस्तकांतून येतो. त्याच दशकात त्याच शहरात चहाचा आणखी एक प्रकार रोज घडत होता. सामन्याच्या मध्यंतरात हिंदू क्लबाचे खेळाडू पॅव्हिलियनमध्ये बसून चहा घेत आणि त्यांचा सर्वोत्तम गोलंदाज बाहेर उभा राहून, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. त्यावर ग्रामण्य बसले नाही, कारण नियम कोणी मोडलाच नव्हता.

हा गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाडचा, जात चांभार, वडील लष्करी नोकरीत, म्हणून बालपण पुण्यात. आधी पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्यारोळण्याचे काम, मग १८९२ पासून पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर चाकरी. इंग्रज साहेबांना सरावासाठी ते तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती सहसा येत नसे. फलंदाजी हे साहेबांचे काम मानले जाई. पुण्यातल्या हिंदूंना युरोपियनांवर विजय हवा होता आणि तो मिळवून देऊ शकणारा हात अस्पृश्याचा होता. तेव्हा चेंडूपुरती शिवाशिव मागे पडली आणि चहापुरती शिल्लक राहिली. पुढे रानड्यांनी जाहीरपणे सुचवले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत नसावी. पंचहौदचा चहा पचवताना ज्यांना इतके सोसावे लागले त्यांच्याच तोंडी हे वाक्य यावे, याला एक वेगळेच वजन आहे.

ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी, की मला लिहायचे आहे ते १९११ च्या इंग्लंड दौऱ्याविषयी, आणि त्यातही सामन्यांपेक्षा सामन्यांच्या मधल्या वेळाविषयी.

अखिल भारतीय संघ इंग्लंडला पाठवण्याची कल्पना त्याआधीही एकदोनदा निघून विरली होती. १९०३-०४ चा बेत तर हिंदू, पारशी व मुसलमान यांचे किती खेळाडू घ्यावेत या घोळातच बुडाला. १९०९ साली मदनलाल धिंग्राने लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्यावर राजनिष्ठ मंडळींना 'दुसरा' हिंदुस्थान इंग्रजांसमोर उभा करण्याची निकड भासू लागली, आणि क्रिकेट त्या कामी उपयोगी पडणार होते. संघ निवडला गेला तो जातवार-धर्मवार मोजून: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार म्हणून पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराजा भूपिंदरसिंग. पाच हिंदूंत दोन पालवणकर होते, बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम. उरलेल्या तिघांत मुंबईचे एम. डी. पै होते, हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. ब्रिटिश मुलखात देशाचे नाव लावून वावरणारा हा पहिला क्रिकेट संघ, आणि त्याच्या हिंदू हिश्श्यात पाचांपैकी दोन माणसे अशी, की ज्यांना त्याच हिंदूंच्या बहुतेक देवळांत प्रवेश नव्हता.

मे महिन्यात मंडळी बोटीने मुंबईहून निघाली. समुद्र ओलांडणे हेच जेथे प्रायश्चित्ताचे कारण होते, तेथे बोटीवरच्या पंगतीचा प्रश्न उरतोच. पुण्याच्या मैदानावर निराळे भांडे ठेवता येते, कारण तेथे भांडी आपली, वाढणारा आपला आणि झाडाखालची जागाही आपण नेमून दिलेली. बोटीवर कपबश्या कंपनीच्या, वाढपी कंपनीचे, टेबले जमिनीला खिळवलेली. शिवाशिवीला स्वयंपाकघरावर ताबा लागतो आणि तो बंदर सुटताच सुटतो. दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासात पै, शेषाचारी, जयराम आणि पालवणकर बंधू एकाच कंपनीच्या भांड्यांतून जेवले, एवढे अनुमान सुरक्षित आहे. कोणाच्या मनात काय चालले असेल, हा कादंबरीकाराचा प्रांत. एखाद्या मराठी कादंबरीकाराने तो अजून हाती घेतला नाही याचे मात्र मला नवल वाटते.

मराठीत हिंडण्याफिरण्याला पुष्कळ शब्द आहेत: वारी, यात्रा, मुशाफिरी, भ्रमंती. खेळाडूच्या वाट्याला नेमका 'दौरा' आला, जो मुळात अंमलदाराच्या फिरतीचा शब्द. तो चपखल आहे, कारण दौऱ्यावरच्या माणसाला कुठे जायचे हे दुसरे कोणी ठरवते. १९११ चा कार्यक्रमच पाहा. जूनच्या आरंभापासून ऑगस्टअखेरपर्यंत तेवीस सामने, त्यांतले चौदा प्रथम दर्जाचे, म्हणजे तीन तीन दिवसांचे. उरलेले साधारण दोन दिवसांचे धरले तरी खेळाचे दिवस साठाच्या घरात जातात. तीन महिन्यांचे दिवस ब्याण्णव. त्यांतले तेरा रविवार वगळा, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा रविवारी सामने होत नसत. उरतात जेमतेम वीसेक दिवस आणि त्यांतच सारे सामान बांधणे, सोडणे, कपडे धुणे, दुखणी आणि विश्रांती. कौंटी क्रिकेटची रीत अशी, की एक सामना सोमवार ते बुधवार व दुसरा गुरुवार ते शनिवार. बुधवारी संध्याकाळी यष्ट्या उपटल्या की बॅगा घेऊन स्टेशन गाठायचे, रात्री परक्या गावातल्या हॉटेलात उतरायचे आणि गुरुवारी दुपारच्या आत नव्या मैदानावर, नव्या मातीवर चेंडूचा टप्पा शोधायचा. ऑक्सफर्ड, लॉर्ड्‌स, केंब्रिज, लेस्टर, टाँटन अशी ही माळ. शिवाय वेल्स आणि स्कॉटलंड. मुंबईत बाळू रेल्वेत नोकरीला होते. तेव्हा गाडीचे वेळापत्रक त्यांना नवे नव्हते. नवे होते ते वेळापत्रकाने आपल्यालाच असे फिरवणे.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडही नेहमीचे राहिले नव्हते. जूनच्या २२ तारखेला पंचम जॉर्जचा राज्याभिषेक झाला. जुलैपासून उष्म्याने कहर केला. ९ ऑगस्टला ग्रिनिच येथे पारा ३६ अंश सेल्सियसच्या वर गेला. ऑगस्टमध्ये गोदी कामगारांचे संप झाले आणि पाठोपाठ देशभर रेल्वे कामगारांनीही संप केला. साम्राज्याचा डामडौल आणि त्याच साम्राज्यातल्या मजुरांचा राग दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दिसावा, असा हा योग होता.

राज्याभिषेकाने संघाचे नुकसानच केले. महाराजांना मेजवान्या नि दरबारी भेटीगाठींचे आमंत्रण होते. मोजके सामने खेळून ते निघून गेले आणि त्यांच्या पदरी असलेले मिस्त्री, जे संघातले सर्वांत आकर्षक फलंदाज होते, तेही त्यांच्या पाठोपाठ गेले. कर्णधार मेजवानीला आणि गोलंदाज मैदानावर, अशी ही वाटणी. दौऱ्याच्या आरंभी पस्तिशी ओलांडलेल्या बाळूंना मग एका टोकाने टाकतच राहावे लागले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ बळी घेतले. साऱ्या दौऱ्यातले त्यांचे बळी ११४, सरासरी एकोणिसाच्या आत. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. संघाने तेवीसांपैकी सहा सामने जिंकले, पंधरा हरले. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला सहसा एकच डाव टाकायला मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ११४ या आकड्याची किंमत कळते.

आता एक गोष्ट, जिच्याकडे क्रिकेटचे लेखक फारसे लक्ष देत नाहीत. ज्या इंग्लिश मैदानांवर बाळू खेळत होते तेथेही पॅव्हिलियनला दोन दारे होती. हौशी 'जंटलमन' एका दाराने मैदानात उतरत, पोटासाठी खेळणारे व्यावसायिक दुसऱ्या. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येकदा उतरण्याची हॉटेले वेगळी. धावफलकावरही हौशी खेळाडूला आद्याक्षरांचा मान आणि व्यावसायिकाला तो नाही, किंवा मिळालाच तर आडनावामागून. पुण्याच्या पॅव्हिलियनबाहेर उभा राहिलेला माणूस हे न पाहता राहिला असेल, असे मला वाटत नाही. जन्माची उतरंड आणि पैशाची उतरंड एक नव्हे. व्यावसायिकाच्या स्पर्शाने कोणाचा चहा बाटत नव्हता. तरीही ज्या देशाकडून समतेचे धडे घ्यावेत असे आपले सुधारक सांगत होते, त्या देशाच्या मैदानावरही दारे मोजलेली होती. आणि धावफलकाच्या या भाषेत बाळूंचे काय झाले? आडनावाचे एक अक्षर उरले आणि 'पी. बाळू' असे नाव बनले. घरातल्या धाकट्याला हाक मारावी तसे हे नाव इंग्रजी वर्तमानपत्रांत आडनावाच्या जागी बसले. मराठी वाचकाला त्यातला विनोद आणि त्यातली बोच दोन्ही कळावीत.

पराभवांची रांग संपली ती जुलैच्या मध्यास, लेस्टर येथे. डॉ. कांगांनी १६३ धावा काढल्या आणि बाळूंनी दोन डावांत मिळून ११ बळी घेतले. पारशी डॉक्टर आणि रेल्वेतला चांभार कर्मचारी यांनी मिळून कौंटीला हरवले. पुढे टाँटनला सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद ११३ धावा काढल्या आणि सामना एका गड्याने जिंकला. या दौऱ्यात प्रथम दर्जाचे दोनच सामने जिंकले गेले आणि त्या दोन्हींवर पालवणकरांचा हात उमटला आहे.

मराठीत इंग्लंडच्या प्रवासावरचे लेखन तोवर रुळले होते. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चे. ते लिहिले लिहिणाऱ्यांनी: विद्यार्थी, वकील, सुधारक यांनी. बाळूंचे प्रवासवर्णन नाही. आहेत ते आकडे. त्यांच्या घराण्यातून एक आत्मचरित्र मात्र आले, ते धाकटे बंधू विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ साली. विठ्ठल १९११ च्या बोटीवर नव्हते. 'बलुतं' १९७८ चे. म्हणजे त्याच्या तीस वर्षे आधी एका अस्पृश्य कुटुंबातला मराठी माणूस स्वतःची कहाणी छापतो आणि दलित आत्मकथनांच्या चर्चेत ते नाव अभावानेच निघते. खेळाडूचे पुस्तक म्हणून ते क्रीडाविभागात गेले, आणि आपले समीक्षक त्या कपाटाकडे फिरकत नाहीत. रामचंद्र गुहांनी २००२ मध्ये आणि प्रशांत किदंबींनी २०१९ मध्ये इंग्रजीत या माणसांचा इतिहास लिहिला. मराठीच्या अभ्यासकाने त्यातून घ्यावी अशी खंत ही, की साधनांचा मोठा भाग मराठी आहे.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला आणि त्यांचे मानपत्र एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले, असे नमूद आहे. या दोघांचे मार्ग पुढे वेगळे झाले. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. तो इतिहास वेगळ्या लेखाचा.

दौऱ्याने नेमके काय केले, याचा मला सापडलेला पुरावा राजकारणातला नाही. १९१३ साली चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघाचे कर्णधारपद एम. डी. पै यांना मिळाले आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांचा सत्कार केला. पै यांनी उत्तरादाखल भर सभेत सांगितले, की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. ते माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. गौड सारस्वतांच्या सभेत 'माझे मित्र' हा शब्द कोठून आला असेल? पुण्या-मुंबईच्या पॅव्हिलियनमध्ये तो घडला असणे अवघड. मला तो बोटीवरचा वाटतो, तीन महिन्यांच्या गाड्यांतला, सामान उचलतानाचा, हरलेल्या सामन्यानंतरच्या मुकाट जेवणातला.

निवड समितीवर त्या सभेचा परिणाम झाला नाही. कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. १९२० साली पै आजारी पडले, बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपद प्रा. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. बोभाटा झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, पालवणकर परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात संघ क्षेत्ररक्षण करीत असताना पै काही काळ मैदान सोडून गेले. उपकर्णधार पुढे आला, त्याने क्षेत्ररक्षकांवर नजर फिरवली आणि त्यांना हाताने जागा दाखवल्या. ते हलले.