आकड्यांची कॅनरी
विलायतेतील कोळशाच्या खाणींत मजूर पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. विषारी वायू पसरला, की आधी पक्षी कोसळे आणि माणसे बाहेर धावत. १९८६ साली ब्रिटनने ही प्रथा मोडीत काढण्याचे ठरविले. कॅनरी मात्र पुढे संगणकात अवतरली.

नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमने, इतर वाटांबरोबरच, ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरे कोंबली. स्मृतीत शेजारीच असलेला, काम आटोपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता बदलला. हजारो संगणक हैराण झाले.

१९९८ च्या ‘स्टॅकगार्ड’ने त्या पत्त्याच्या उंबऱ्यावर एक आकडा बसविला. परतताना तो बदललेला दिसला, की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. मी मुलांना सांगतो, ही कॅनरी चोराला अडवीत नाही. चोर शिरलेल्या घरात निर्धास्त निजू मात्र देत नाही.