गणिताची गोळी आणि लाळेची वेळ

तळवलीत आमच्या शेजारच्या वहिनींनी मागे विचारलं, "गोळीने पोराचा ताण वाढतो का गं?" मुलाला एडीएचडी आहे, मिथाइलफेनिडेट नुकतंच सुरू झालेलं. प्रश्न सरळ वाटला. उत्तर शोधताना मी १९३७ सालात जाऊन पोचले.

त्या वर्षी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रीन दिलं. मुळात त्यांना मेंदूच्या तपासणीनंतर होणारी डोकेदुखी कमी करायची होती, असं सांगतात. ती काही फारशी हटली नाही, पण निम्म्या मुलांचा शाळेतला अभ्यास एकदम सुधारला. मुलं तिला 'गणिताची गोळी' म्हणू लागली! प्लासिबो वगैरे नव्हतं. तरी एक आठवडा गोळीविना, एक गोळीसह, मग पुन्हा गोळीविना अशी मांडणी होती. म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच. पुढे १९४४ मध्ये सिबा कंपनीच्या लिआंड्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट बनवलं आणि त्याला पत्नी रीटाच्या नावावरून रिटालिन हे नाव मिळालं. (याच सिबाचं संशोधन केंद्र १९६३ मध्ये आपल्या गोरेगावात उघडलं.)

गंमत म्हणजे, हान्स सेल्ये यांनी ताणाची कल्पना १९३६ मध्येच मांडली होती. पण गोळी आणि ताण यांची गाठ पडायला बराच काळ गेला. कॉर्टिसॉल मोजायचं तर रक्त हवं, आणि सुई बघूनच मूल घाबरलं तर आपण मोजतोय काय? लाळेतून मोजणं १९८० च्या दशकात रुळलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

इथेच मी आपटले. माझ्या पहिल्या आराखड्यात सकाळी आठला गोळीआधी लाळ, अकराला गोळीनंतर लाळ. गाईडनी एवढंच विचारलं, "गोळी दिलीच नाही तर अकराला काय दिसेल?" कॉर्टिसॉल जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं आणि मग दिवसभर उतरत राहतं. म्हणजे ती घट घड्याळाची, आणि मी श्रेय देणार होते गोळीला! आता त्याच मुलाची, त्याच वेळेची, गोळी नसलेल्या दिवसाचीही लाळ घ्यायची ठरलीय. ब्रॅडलींचाच आठवडा, फक्त छोटा.

प्रकाशित निष्कर्षही एकसारखे नाहीत: काहींत गोळीनंतर कॉर्टिसॉल थोडं वाढलेलं, काहींत फरक नाही. म्हणून कुठलाही पेपर उघडला की मी आधी नमुन्याची वेळ शोधते. वहिनींना सांगितलं, "ठाम 'हो' म्हणण्याइतका पुरावा नाही. गोळी मनाने बंद करू नका. झोप, भूक, चिडचिड वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा." त्यांनी वही घातलीय. वेळेसकट.