म्हसा यात्रेतला बैल

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. घोंगड्या, विळे-कोयते, मिठाई, तमाशा, सगळं तिथं असतं. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी म्हसा म्हणजे बैलबाजार. घाटावरचे बैल माळशेज आणि नाणेघाट उतरून येत. हेडे रुमालाखाली बोटं धरून सौदा करत. बैल दोन दाती की जुळलेला, खांदा कसा, खूर कसे, हे पाहण्यात माणसांची हयात गेलेली असे. एवढं पाहूनही एक गोष्ट त्यांना दिसत नसे, आणि ती तशी कुणालाच दिसत नाही.

माझी आजी लग्न होऊन किन्हवलीकडच्या आमच्या गावात आली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. साल तिला सांगता येत नसे. हिशेब केला तर 1930 नंतरची दोन-तीन वर्षं येतात. पणजोबांनी म्हशाहून पांढरा बैल आणला. आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी त्यानं पेंढा खाल्ला आणि पहाटे गोठ्यात आडवा पडलेला सापडला. पोट टम्म फुगलेलं, नाकातून आणि मागून काळसर रक्त. आजी म्हणायची, "रक्त गोठतच नव्हतं, आन अंगबी ताठलं नव्हतं." पणजोबांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "फाशी हाय. ह्याला उघडायचं नाय."

घाटाखालच्या एका अडाणी शेतकऱ्याचं हे निदान आजच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकाशी जुळतं. अचानक मृत्यू, न गोठणारं काळं रक्त, न ताठलेलं शरीर, ही फाशीचीच, म्हणजे अँथ्रॅक्सची लक्षणं. आणि "उघडायचं नाय" हा नियम तर नेमका बरोबर. बंद शरीरात हे जिवाणू कुजण्याबरोबर बरेचसे मरून जातात. मात्र जनावर फाडलं, रक्ताला हवा लागली, की ते बीजाणूंचं रूप घेतात, आणि बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात. तेव्हा जर्मनीत असलेल्या वोलश्टाइन नावाच्या लहान गावी सरकारी डॉक्टर असलेल्या रॉबर्ट कॉख यांनी 1876 साली हे जीवनचक्र दाखवून दिलं. एका ठरावीक रोगामागे एक ठरावीक जिवाणू असतो, हे नीट सिद्ध झालेलं ते पहिलं मोठं उदाहरण. आमच्या पणजोबांना कॉख माहीत नव्हते. त्यांना बैल माहीत होते.

पण ते ज्ञान आमच्या अंगणापाशीच थांबलं. मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम गावरहाटीनं महारवाड्यातल्या ज्या दोन भावांकडे होतं, त्यांना बोलावणं गेलं. कातडं हा त्यांचा हक्क, आणि त्या कामाचा मोबदलाही तोच. 'उघडू नका' असं त्यांना कुणी सांगितलं का, असं मी आजीला विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सांगितलं आसंल. पन कातडं सोडून दिलं तर त्यांनी खावं काय?"

चार-पाच दिवसांनी धाकट्या भावाच्या मनगटावर किडा चावल्यासारखा फोड आला. खाज होती, दुखणं नव्हतं. फोडाभोवती पाणी धरलेल्या बारीक पुटकुळ्या उठल्या, मधला भाग खचला आणि कोळशासारखा काळा झाला. हात कोपरापर्यंत सुजला, काखेत अवधाण आलं, ताप भरला. थोरल्याला तसाच फोड मानेवर आला, कारण ओलं कातडं खांद्यावर टाकून तोच मुरबाडच्या बाजाराला गेला होता. दुखत नाही म्हणून दोघांनीही दोन दिवस लक्ष दिलं नाही. त्या न दुखण्यानंच या रोगानं जगभर माणसं फसवली आहेत.

शरीरात काय घडतं ते सांगतो. कातडीवर खरचटलेलं असेल तर बीजाणू आत शिरतो. रोगजंतू गिळून मारणाऱ्या पेशी त्याला गिळतात, पण तो मरत नाही, उलट तिथं त्याला कोंब फुटतो. अशा काही पेशी त्याला जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत घेऊन जातात. काखेतलं अवधाण ते हेच. जिवाणू वाढू लागला की अंगाभोवती एक आवरण तयार करतो, त्यामुळे पुढच्या पेशींना तो गिळता येत नाही. मग तो तीन प्रथिनं सोडतो. पहिलं प्रथिन आपल्या पेशींना चिकटतं, त्याचे सात तुकडे कड्यासारखे जुळतात आणि पेशीत शिरायला वाट करतात. त्या वाटेनं उरलेली दोन आत जातात. त्यांतल्या एकामुळे पेशींतलं पाण्याचं नियंत्रण बिघडतं आणि फोडाच्या मानानं अवाढव्य सूज चढते. दुसरं पेशीच्या आतले निरोप तोडतं, त्यामुळे रोगाशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. या विषांनी कातडी जागीच मरते आणि काळी खपली धरते.

बहुतेक रोग्यांत एवढ्यावर निभावतं. लसिकाग्रंथी जिवाणूला अडवून धरतात, दोन-तीन आठवड्यांनी खपली गळून पडते आणि व्रण राहतो. उपचार झाले नाहीत तर मात्र शंभरातल्या दहा ते वीस जणांत ही अडवणूक मोडते. जिवाणू रक्तात उतरतो, रक्ताबरोबर अंगभर जातो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून तिथं रक्तस्राव घडवतो. रक्तदाब कोसळतो आणि माणूस काही तासांत जातो. फोड चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर आणखी एक धोका असतो. रोग रक्तात उतरण्याआधीच नुसत्या सुजेनं श्वासनळी दाबली जाते.

थोरला भाऊ गेला. आजीच्या सांगण्यात त्याची मान आणि छाती एकसारखी झाली होती, आणि शेवटच्या रात्री त्याच्या श्वासाची घरघर दोन घरं ओलांडून ऐकू येत होती. कुणीतरी तापल्या विळ्यानं फोडाला डाग दिला होता. हा फोड चिरू नये, पिळू नये, खरवडू नये, कारण त्यानं जिवाणू रक्तात ढकलला जाऊ शकतो. धाकटा जगला. त्याच्या मनगटावरचा रुपयाएवढा खोलगट व्रण मी लहानपणी पाहिला आहे.

गावानं त्यानंतर महिनाभर त्या घराची वाट टाकली. ते मला फार लागतं. कारण काळपुळी, म्हणजे माणसाच्या कातडीला होणारी ही फाशी, माणसापासून माणसाला सहसा होतच नाही. थोरल्याच्या बायकोनं शेवटपर्यंत त्याचं सगळं केलं आणि तिला काही झालं नाही.

या साऱ्याच्या आधीच, मार्च 1927 मध्ये, महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडून द्यायला सांगितलं होतं. ते स्वाभिमानाचं आवाहन होतं, आणि त्याकडे आपण तसंच पाहतो. आजीची गोष्ट ऐकल्यापासून मला त्यात लोकांचे जीव वाचवणारी आरोग्याची शिकवणही दिसते. धाकट्या भावानं त्यानंतर गावाचं एकही ढोर ओढलं नाही. गावानं बलुतं बंद करायची धमकी दिली, तरी तो हलला नाही, असं आजी सांगे, आणि हे सांगताना तिच्या आवाजात त्याच्याविषयी आदर असे. कायद्यानं अशा गावकामाची वतनं मोडायला 1958 साल उजाडलं.

औषध त्या भावांसाठी नव्हतंच. पेनिसिलीन दुसऱ्या महायुद्धात वापरात आलं. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली स्थापन झाला आणि ते आपल्याकडेच तयार होऊ लागलं. पेनिसिलीन, डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांपैकी योग्य औषध वेळेवर मिळालं तर कातडीची काळपुळी झालेला माणूस आज क्वचितच दगावतो. फक्त एक ध्यानात ठेवायला हवं. औषध सुरू झाल्यावरही फोड आपल्या क्रमानं काळा पडतोच, कारण आधी सुटलेलं विष आपलं काम करून गेलेलं असतं. ते पाहून 'गुण नाही' म्हणत गोळ्या टाकणं फार महागात पडतं. आणि डॉक्टरांना आपणहून सांगावं की आठवड्यात जनावर मेलं होतं, कातडं हाताळलं होतं. ते सांगितलं नाही तर निदान चुकायला वेळ लागत नाही.

आमच्या भागातली गुरं पूर्वी बुळकांडीनंही पटापट मरत. तो रोग 2011 साली जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, कारण त्याच्या विषाणूला जिवंत जनावराशिवाय थारा नव्हता. फाशीचं तसं नाही. ती मातीत दबा धरून बसते. चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत बीजाणू अधिक टिकतात, आणि उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात ते सखल जागी वाहून येतात. वरकसावर मोकाट सुटलेली गुरं तेव्हा जमिनीलगतचं खुरटं गवत मातीसकट ओरबाडतात. म्हणून जिथं रोग एकदा येऊन गेला, तिथं पावसाळ्याआधी दरवर्षी लस टोचायची असते. ही लस दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी 1930 च्या दशकात शोधलेल्या दुबळ्या जिवाणूपासून बनते, आणि पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते.

संशय आला तर पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतात. जनावर फाडत नाहीत. मग सहा फूट खड्डा, नाहीतर जाळून टाकणं. पणजोबांचा नियम आता सरकारी आहे. पण बैल मेला की घरातला पैसा आधीच बुडालेला असतो, आणि ज्याच्या घरी चूल पेटायची भ्रांत आहे त्याला ते मांस पुरायला सांगणं सोपं नाही. ओडिशाच्या कोरापुटमध्ये मेलेल्या गुरांचं मांस कापून आदिवासी माणसं आजही या रोगाला बळी पडतात. आमच्याकडे पावसाच्या तोंडावरच्या ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीला हेही ठरून जायला हवं: खड्ड्याची जागा कुठली, जेसीबीचे पैसे कोण देणार, आणि ज्याचा बैल गेला त्याच्या घरी त्या महिन्यात धान्य कुठून पोचणार.